पहिल्या सत्राची सोबत

मुलींच्या कुठल्याही वसतिगृहात गेलात, की दर्शनी भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो दिसतात. कुणी विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत आलेली, कुणी पोलीस भरतीत निवडलेली, कुणी नर्सिंगला लागलेली. त्या फोटोंचा मलाही अभिमान वाटतो. पण मी वाशीममध्ये मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर आहे, आणि दिवसा कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. या दोन्ही कामांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. वसतिगृह अभ्यासाच्या बाबतीत कसं आहे हे त्या भिंतीवरून ठरवू नका. पदवीच्या पहिल्या सत्राचा निकाल मागा. पहिल्या वर्षाच्या किती मुलींचे किती विषय राहिले ते बघा, आणि राहिलेल्यांपैकी किती मुली पुढच्या जूनमध्ये परत आल्या हेही विचारा.

मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून, तांड्यावरून मुलगी वाशीमला येते, तेव्हा ती बहुतेक वेळा शाळेतली पहिली-दुसरी असते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. अकरावी-बारावी सायन्स कशीबशी इंग्रजीतून निभावलेली. बीएस्सीला आल्यावर वर्गात शंभराच्या आसपास मुलं, बोर्डावर भराभर इंग्रजी, प्रॅक्टिकलचं जर्नल, शिवाय २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचे मेजर, मायनर, क्रेडिट असे शब्द. पहिली इंटर्नल होते आणि आयुष्यात कधी नापास न झालेल्या मुलीला वीसपैकी पाच पडतात. ती कुणालाच सांगत नाही. खोलीत पुस्तक उघडून बसते, रात्री बारापर्यंत बसते, आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचते. विचारलं तर म्हणते, “मॅडम, वाचलं का समजते, पन लिवता नाही येत.”

पहिल्या सत्रात विषय राहणं म्हणजे मुलासाठी ‘बॅक राहिला, पुढच्या परीक्षेला काढून टाकू’ इतकंच असतं. मुलीच्या घरी मात्र त्याच निकालाचा अर्थ वेगळा लागतो. आधीच कुणीतरी काका-मामा म्हणत असतो की पोरीला इतकं दूर कशाला ठेवायचं. निकाल आला की त्याला मुद्दा मिळतो. मग स्थळाची गोष्ट निघते, उन्हाळ्यात पाहुणे येऊन जातात, आणि जूनमध्ये त्या मुलीची खाट रिकामी असते. वडील वाईट असतात असं मुळीच नाही. कोरडवाहू सोयाबीनच्या पैशातून मेसचे पैसे भरणारा माणूस असतो तो, आणि त्याला वाटतं, पोरीला झेपत नाही तर तिचे हाल कशाला. झेपत नाही हा निष्कर्ष दोन पेपरांवरून काढला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आमच्या वसतिगृहात अभ्यासाची सगळी मांडणी पहिल्या सत्राभोवती केलेली आहे.

हा भार वसतिगृहावरच का येतो, हे कळायला आमचा जिल्हा बघायला हवा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. वाकाटकांची वत्सगुल्म नगरी म्हणून इतिहासात मोठं नाव. पण २०१८ साली केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादबरोबर आमचं नाव होतं. शिक्षण हा त्या यादीतल्या मोजमापाचा एक मोठा भाग आहे. महाविद्यालयं इथे आहेत, चांगले प्राध्यापकही आहेत. अडचण संध्याकाळनंतरची आहे. महाविद्यालयाचं ग्रंथालय संध्याकाळी बंद होतं. गावातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं मध्यरात्रीपर्यंत बसतात. मुलगी अंधार पडला की निघते, कारण वसतिगृहाचं फाटक लागतं आणि घरच्यांचा फोन येतो. म्हणजे मुलीच्या अभ्यासाचे खरे तास वसतिगृहाच्या चार भिंतींत जातात. त्या भिंतींत कोण काय करतं यावर तिचा निकाल ठरतो. वसतिगृह म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय, असं मानणाऱ्या संस्थाचालकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

आमची पद्धत साधी आहे. सुरुवातीलाच पाच-सहा जणींचे गट पाडतो. गटात पहिल्या वर्षाच्या मुली, आणि त्यांच्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाची, शक्यतो त्याच विषयाची एक ताई. गट जातीवरून, गावावरून, मैत्रीवरून पडू देत नाही. रिसोडची आणि कारंज्याची, तांड्यावरची आणि शहरातली एका चटईवर बसतात. जेवणं झाली की दोन तास. पहिला तास मोबाईल पेटीत आणि तोंड बंद. दुसरा तास बोलायचा. बोलल्याशिवाय तो तास संपत नाही.

मी एका संध्याकाळचा प्रसंग सांगते. पहिल्या वर्षाच्या मुली एका गणितावर अडल्या होत्या. चार ग्रॅम हायड्रोजन आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजन. दोन्हींपासून पाणी तयार होतं. आधी काय संपेल आणि पाणी किती तयार होईल? सगळ्या म्हणाल्या, हायड्रोजन संपेल. चार ग्रॅमच तर आहे. गटाच्या ताईने त्यांना चूक म्हटलं नाही, उत्तरही सांगितलं नाही. म्हणाली, “मेसमध्ये दहा पोळ्या आहेत आन् सहा वाट्या भाजी. एका डब्यात दोन पोळ्या, एक वाटी भाजी. किती डबे भरशीन?” पाच, असं उत्तर आलं. “मंग आधी काय संपलं?” पोळ्या. “पन पोळ्या तर जास्त होत्या!” दोन क्षण कुणी बोललं नाही. मग एकजण वहीवर वाकली. सोळा ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे अर्धा मोल. अर्ध्या मोलला हायड्रोजन लागतो एक मोल, म्हणजे दोनच ग्रॅम. म्हणजे ऑक्सिजन आधी संपतो, दोन ग्रॅम हायड्रोजन उरतो, आणि पाणी तयार होतं अठरा ग्रॅम. “म्हनजे ग्रॅम नाही पाहाचे, मोल पाहाचे!” ती जवळजवळ ओरडलीच. हेच गणित मी वर्गात फळ्यावर सोडवते तेव्हा साठ माना डोलतात. त्या माना म्हणजे काही समजल्याची खूण नव्हे. लिमिटिंग रिएजंट हा शब्द त्या दिवशी त्या मुलीचा झाला, कारण तिची चूक तिला सुरक्षितपणे, आपल्या बोलीत, आपल्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या मुलीसमोर करता आली.

यामागे माझा अनुभव आहेच, पण दूरच्या एका गणितज्ञाचं कामही आहे. यूरी ट्राइझमन हे १९७०च्या दशकात अमेरिकेत बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे का पडतात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. लोकांची ठरावीक उत्तरं होती: तयारी कमी, घरचं वातावरण नाही, इच्छा नाही. ट्राइझमन विद्यार्थ्यांच्या मागे फिरले, ती मुलं अभ्यास कसा करतात ते महिनोन् महिने पाहिलं. तेव्हा दिसलं की ही मुलं मेहनत भरपूर घेत होती, पण एकेकटी. आपापल्या शाळेत ती एकट्याच्या बळावर वर आलेली होती, मदत मागणं त्यांना कमीपणाचं वाटे. चिनी वंशाची मुलं मात्र आधी एकेकटी गणितं सोडवून मग एकत्र बसत, एकमेकांच्या वह्या तपासत, परीक्षेत काय येईल यावर बोलत. ट्राइझमननी मग गट सुरू केले. ते ‘कच्च्या मुलांचे वर्ग’ म्हणून त्यांनी मुद्दाम ठेवले नाहीत. उलट अवघड गणितं दिली आणि एकत्र सोडवायला लावली. निकाल पालटला. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच मुली येत होत्या. खेड्यातली हुशार मुलगी शाळेत एकटीच हुशार असते, म्हणून तिला एकटीनेच अभ्यास करायची सवय असते. त्या सवयीनेच ती इथवर आलेली असते, आणि इथे तीच सवय तिला अडवते.

आमच्या गटांना ‘कमकुवत विद्यार्थिनींसाठी उपक्रम’ असं नाव द्यावं, अहवालात छान दिसेल, अशी सूचना मला आली होती. मी ती मान्य केली नाही. गट सगळ्यांना आहे, बारावीला नव्वद टक्के पडलेलीलाही आहे. ज्या दिवशी चटईवर बसणं हे कमीपणाचं लक्षण ठरेल, त्या दिवशी जिला खरी गरज आहे तीच उठून जाईल.

रविवारी सकाळी आम्ही पुस्तकं मिटून लिहायला बसतो. आठवडाभरातला एक प्रश्न, कोरा कागद, वीस मिनिटं. मग कागद शेजारणीला द्यायचा आणि तिने पुस्तक उघडून तपासायचा. सुरुवातीला मुलींना हे जाचक वाटतं. वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि लिहायला बसलं की तीन ओळींत संपतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकं हेच तपासलं होतं. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. आमच्या मुलींचा पेपर पाच मिनिटांनी नसतो. ‘लिवता नाही येत’ या तक्रारीवर लिहिणं हाच उपाय आहे. त्यासाठी क्लास लागत नाही, पैसाही लागत नाही. फक्त शेजारी कागद तपासणारी कुणीतरी लागते.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत विद्यार्थिनींची भगिनीमंडळं असतात, सोरोरिटी म्हणतात त्यांना. १८७० साली इंडियानात कॅपा अल्फा थीटा निघाली, १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी अल्फा कॅपा अल्फा काढली. एकत्र राहणं, समारंभ, मैत्री हे सगळं तिथे असतंच. पण त्या मंडळांची एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटते. प्रत्येक शाखेत अभ्यासाची जबाबदारी असलेली एक पदाधिकारी विद्यार्थिनी असते, अभ्यासाचे तास ठरलेले असतात, नव्या मुलीला एक मोठी बहीण नेमून दिलेली असते, आणि सगळ्या शाखेची सरासरी काढली जाते. म्हणजे एकीचे गुण घसरले तर ती सगळ्यांची काळजी होते. दुसरी गोष्ट मात्र मला पटत नाही. ठरलेल्या गुणांच्या खाली गेलेल्या सभासद मुलीवर तिथे बंधनं येतात, तिचं सभासदत्वही जाऊ शकतं. आपल्याकडेही ‘नापास झाली तर खोली सोड’ असा नियम कित्येक ठिकाणी असतो. जिला सोबत सगळ्यात जास्त हवी, तिलाच बाहेर काढायचं, हे मला कधी उमगलेलं नाही. विषय राहिलेल्या मुलीची खाट आम्ही काढत नाही. तिचा गट बदलत नाही. तिच्या वडिलांना निकालाच्या आधी फोन जातो, नंतर नाही.

मुलींनी मुलींसाठी उभं राहण्याचा वारसा आपल्याकडेही जुना आहे, आणि त्याचा एक धागा अमेरिकेशीच जोडलेला आहे. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ साली पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे राहून त्यांनी गावोगावी व्याख्यानं दिली, १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था निघाली, आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, बाया कर्वे. आमच्या विदर्भात भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. वसतिगृह हे शिक्षणाचंच अंग आहे, हे या माणसांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नव्हती.

अभ्यासाइतकाच वेळ आमच्या गटांचा कागदांत जातो, आणि मी तो वाया गेला असं मानत नाही. महाडीबीटीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, आधारशी जोडलेलं बँक खातं, परीक्षेचा फॉर्म, त्याची शेवटची तारीख. एक दाखला तहसीलमध्ये अडकला की शिष्यवृत्ती अडते, शिष्यवृत्ती अडली की मेसचे पैसे थकतात, आणि पैसे थकले की मुलगी ‘गावी जाऊन येते’ म्हणून निघते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. ही मोठी गोष्ट आहे. पण खोली आणि जेवण त्यात येत नाही. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, शिवाय पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता. हे पहिल्या वर्षाच्या मुलीला कोण सांगणार? गेल्या वर्षी तिसऱ्या रांगेत उभी राहून तोच दाखला काढलेली ताई सांगते, आणि कुठल्या खिडकीवर जायचं तेही सांगते.

आमच्याकडचं सगळ्यात अवघड वळण ऑक्टोबरचं. सोयाबीनची सोंगणी येते, मजूर मिळत नाही, घरून फोन येतो, “दोन दिवस येऊन जाय.” मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे येणं-जाणं सोपं झालं. मुलगी जाते. दोन दिवसांचे दहा होतात, मागून दिवाळी येते, आणि परतते तेव्हा हिवाळी परीक्षा तोंडावर असते. सोंगणीला जाऊ नको असं मी कुणाला म्हणत नाही. त्या शेतावरच तिचं शिक्षण चाललं आहे. पण जाताना गटाची ताई तिच्या वहीत रोजचा एक प्रश्न लिहून देते आणि रात्री नऊला फोन करते. फोनवर उत्तर तोंडी सांगायचं. दिवसभर सोंगणी करून आलेली मुलगी अंगणात बसून युनिट दोन सांगते, आणि आजूबाजूला घरची माणसं ऐकत असतात. हा फोन आईवडिलांनी ऐकणं मला परीक्षेच्या तयारीइतकंच मोलाचं वाटतं. पोरगी खरंच शिकते आहे, आणि कुणीतरी रोज तिची वाट बघतं आहे, हे त्यांना कळतं.

ताई झालेल्या मुलींवर ओझं पडतं का? पडतं. मुलींनी सेवा करावी आणि तिची दखल कुणी घेऊ नये, अशी आपली जुनी सवय आहे. म्हणून अंतिम वर्षाच्या शेवटच्या सत्रात कुणालाही ताई करत नाही, आणि ताईला खिडकीजवळची स्वतंत्र अभ्यासाची जागा देतो. समजावून सांगताना तिचा स्वतःचा विषय पक्का होतो हा लाभ आहेच. तरी माझी मागणी याहून पुढची आहे. महाविद्यालयांच्या ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात पुस्तकं लावण्याचं, बागेला पाणी घालण्याचं काम धरतात. तसं कनिष्ठ विद्यार्थिनीला शिकवण्याचं कामही धरावं आणि त्याचे पैसे द्यावेत. आणखी एक दक्षता हवी. थोरली-धाकटीच्या नात्यात अधिकार शिरायला वेळ लागत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे; ताईने कपडे धुवायला लावणं, डबा आणायला लावणं हेही त्यातच मोडतं, हे आम्ही पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगतो, आणि धाकट्या मुलीला गट बदलून मागायचा हक्क असतो.

विषय राहायचे पूर्ण थांबले असा माझा दावा नाही. काहींचे राहतात. पण राहिलेल्या मुली आता लपत नाहीत. उत्तरपत्रिकेची प्रत मागवतात, चटईवर ती उघडून बसतात, कुठे गुण गेले ते एकत्र बघतात. एकजण त्यातून उठताना म्हणाली, “मले वाटलं, मी एकटीच हाव.” पुढच्या परीक्षेत तिचे दोन्ही विषय निघाले, आणि यंदा ती स्वतः ताई आहे.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकजणी कधीतरी वाशीमच्या, अकोल्याच्या, अमरावतीच्या अशाच एखाद्या खोलीत राहून शिकलेल्या असतील. आज बँकेत, शाळेत, दवाखान्यात, तहसीलमध्ये असाल. तुमच्या जुन्या वसतिगृहाकडून सत्काराचं बोलावणं येईल तेव्हा जा. पण त्याआधी, सत्र सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत, इंटर्नलचे गुण लागतील त्या आठवड्यात एका संध्याकाळी न बोलावता जा. रेक्टरला सांगा, मला पहिल्या वर्षाच्या मुलींबरोबर बसायचं आहे. जाताना तुमची पहिल्या वर्षाची गुणपत्रिका बरोबर घ्या, त्यात राहिलेला विषय असेल तर तोही दाखवा, आणि तो कसा काढला ते त्यांना सांगा.